नदीला बसून हात जोडत नाहीत

पोस्टमननं ते लांबलचक पार्सल आडवं आत घ्यायला बघितलं, ते चौकटीला अडलं, मग त्यानं ते उभं केलं, आणि उभं केल्याबरोबर आकारामनं ते ओळखलं. अजून सही व्हायची होती, खाकी कागद फाटायचा होता, तिकिटांवरचं देशाचं नाव वाचायचं होतं. पण पंचवीस वर्षं फौंड्रीत ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडाचे पॅटर्न घडवलेल्या माणसाला कागदाच्या आत काय आहे ते सांगावं लागत नाही. वर मुठीत मावेल अशी गुंडी, मग सरळ निमुळता दांडा, आणि खाली पसरत गेलेली पाती. त्याची सही इतकी वाकडी आली की पोस्टमननं ती दोनदा बघितली. शेजारच्या धोंडुबाई उंबऱ्याशी हजर होत्याच. गल्लीत कुणाकडं काय आलं हे त्यांना कळल्याशिवाय ते आलं असं कुणी धरत नाही. पोरीला बॅट मागवली काय, असं त्यांनी विचारलं. आकाराम नुसता हसला आणि पार्सल भिंतीला टेकवून खुर्चीत बसला. सोमवारची कारखान्याच्या सुट्टीची दुपार, २००६ सालचा फेब्रुवारी, बाहेर पत्रे तापायला लागलेले, आणि ह्या गड्याच्या मांडीपर्यंत गार पाणी चढत चाललेलं. नॉर्वेच्या खाडीत हे वल्हं त्याच्या हातातून सुटलं त्याला नऊ वर्षं होत आली होती. सुटलेली वस्तू वाहून जाते, संपते, असं तो धरून चालला होता. ती घर शोधत येते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

वल्हं टेकवलं होतं त्याच्या बरोबर वर भिंतीवर तो फोटो होता. गल्लीतल्या तरुण मंडळानं सत्त्याण्णवच्या गणपतीत त्याचा सत्कार केला, तेव्हाचा. खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि चेहरा असा की कुणीतरी चिमटा काढतंय. ‘परदेशात बुडत्या गोऱ्या माणसाचे प्राण वाचवणारे कोल्हापूरचे सुपुत्र’ असं मागच्या कापडावर रंगवलेलं. ही गोष्ट गल्लीला तोंडपाठ होती. म्हाताऱ्या गोऱ्याला वाऱ्याचा अंदाज आला नाही, होडी उलटली, आणि पंचगंगेच्या पाण्यात वाढलेल्या आकारामनं त्याला एका हातानं धरून वर काढलं. त्याची पोर अनुजा सहावीत असताना हीच गोष्ट वक्तृत्व स्पर्धेत हातवारे करून बोलली आणि पहिला नंबर घेऊन आली. त्यानंतर पोहायला शिकली, तेही ह्याच गोष्टीपायी. पोहायला शिकली म्हणजे काय, आता सतरा वर्षांची ती पोर पाण्यात शिरली की काठावरच्या पोरांची तोंडं बंद होतात. अन् गोष्ट तर सरळसरळ खोटी होती. होडी त्यानंच उलटवली होती, आणि ज्यानं वाचवलं तो म्हातारा होता. हे सगळंच्या सगळं जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि त्यातला एक उत्तरेला दूर कुठंतरी होता, म्हणून आकारामला रात्री झोप तरी लागत होती.

पाण्याची त्याला लहानपणी भीती नव्हती, उलट पाणी म्हणजे घरचंच. त्याचा बाप यल्लाप्पा चिखलीकडं गुऱ्हाळावर गुळव्या होता. पावसाळ्यात पंचगंगा फुगून उसात शिरली की गुऱ्हाळ बंद, आणि मग गूळ शिजवायची ती भलीमोठी लोखंडी काहील उलटी ओढत पाण्याशी न्यायची. सुलटी करून पाण्यात सोडली की झाली होडी. पुढं नाही मागं नाही, गोल ताट नुसतं, पण चार माणसं आणि एक शेरडू सहज पैलतीराला जायचं. यल्लाप्पा मधोमध उभा राहून लांब बांबूनं ती रेटायचा, आणि काहील स्वतःभोवती संथ गिरक्या घेत निघायची. आकाराम त्याच्या पायाशी बसायचा. कडेचा गूळ पाण्यानं सुटून हाताला चिकट लागायचा. मध्यावर धार आली की बाप बांबू आडवा धरायचा, सगळ्यांना उठवायचा, कंबरेचं नाणं धारेत टाकायचा आणि हात जोडायचा. पोरगं एकदा आळसानं बसल्या जागीच हात जोडायला गेलं तर टाळक्यात टपली बसली. नदीला बसून हात जोडत न्हाईत. आई दारात आली तर बसून ऱ्हातोस काय? तेव्हापासून पूल ओलांडताना बस असो, ट्रक असो, आकाराम उभा राहिल्याशिवाय राहिला नाही. शालूला, म्हणजे त्याच्या बायकोला, लग्नानंतर पहिल्यांदा शिवाजी पुलावर ह्याची फार लाज वाटली होती. नंतर तीही उठायला लागली.

शिरोलीच्या फौंड्रीचे मालक गणपतराव यांनी त्याला सत्त्याण्णवच्या मे महिन्यात तीन महिन्यांसाठी नॉर्वेला पाठवलं. तिकडच्या पंपांची ओतकामं इथं करायची, तर तिथला पॅटर्न कसा बनतो ते शिकून ये, म्हणाले. इंग्रजी कामापुरतं, थंडीचे कपडे उसने, आणि आईनं पदराच्या गाठीतून सोडून दिलेला एक रुपया, पाण्यावरून जाशील तिथं टाक म्हणून. तिथं त्याला हालवर भेटला. साठी ओलांडलेला, कारखान्याचा जुना पॅटर्नमेकर, हाताची बोटं आकारामच्या बोटांसारखीच तासून चपटी झालेली. दोघांनी हात मिळवले आणि एकमेकांचे घट्टे ओळखले. मग भाषेवाचून फारसं काही अडलं नाही. पहिल्या रविवारी हालवरनं त्याला शिडाच्या बोटीत घातलं. समुद्र डोंगरांच्या पोटात शिरून गावापर्यंत आलेला, दोन्ही बाजूंनी कडे थेट पाण्यात उतरलेले, माथ्यावर बर्फ, आणि खाली पाणी असं काळं आणि असं स्वच्छ की आत बघितलं की आपण वर आहोत की खाली तेच कळेना. किती खोल, त्यानं खुणेनं विचारलं. हालवरनं बोटांनी सहाशे मीटर दाखवले. आकारामनं मनात दोन जोतिबाचे डोंगर एकावर एक ठेवले आणि ते बुडाले. मग वारा आला. शीड फडफडलं, भरलं, आणि सगळी बोट एका कुशीवर झोपली. आकारामनं दोन्ही हातांनी काठ धरला, तोंडातून आई गं निघालं, पाणी कानाजवळून सळसळत चाललेलं. हालवर मान हलवून हसला आणि शिडाची दोरी त्याच्याच हातात दिली. ती दोरी ओढत होती, अगदी नांगराला नवा खोंड जुंपल्यावर कासरा ओढतो तशी. सोडली तर बोट उभी, ओढली तर बोट पळते. भीती तशीच होती, पण तिच्या आत दुसरंच काहीतरी उठलं होतं, छाती फुटेल इतकं मोठं, आणि आकाराम परक्या मुलखात परक्या वाऱ्यात मोठमोठ्यानं हसत सुटला. असला आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता. हे तो शालूला कधी बोलला नाही, बोलण्यासारखं नाहीच ते.

त्यानंतर दर रविवारी पाणी. आठवडाभर संध्याकाळी हालवरच्या घरामागच्या पडवीत काम. तिथं एक कॅनू होती, म्हणजे दोन माणसांची निमुळती हलकी होडी, दोन्ही टोकं सारखीच. हालवरनं पातळ पट्ट्या एकमेकींना चिकटवून ती स्वतः घडवलेली. आकारामनं तिच्यावर तळवा फिरवला तर कुठंच जोड लागेना. त्याला रडू आलं, खरंच आलं, कारण इतकं नितळ काम त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि ते काम करणारा माणूस बाजूला उभा राहून नाक पुसत होता. मग हालवरनं लाकडाची एक फळी पुढं ठेवली. त्यातून वल्हं करायला आकारामला तीन आठवडे लागले. पाती इतकी तासली की उन्हाकडं धरली तर कडेनं उजेड झिरपायचा. दांड्यावर त्यानं पटाशीनं आपल्या सवयीची खूण केली, फौंड्रीत प्रत्येक पॅटर्नच्या बुडाला करतो ती, दोन आडव्या रेघा आणि एक टिंब. हालवरनं वल्हं बोटावर तोललं, ते हललंसुद्धा नाही.

जुलैच्या शेवटच्या रविवारी सकाळी ते कॅनूतून निघाले. वारा नव्हता. डोंगर पाण्यात उलटा होता तो खरा, की वर होता तो खरा, हे ठरवणं अवघड. वल्ह्याच्या टोकावरून थेंब पडायचे त्यांचा आवाज येत होता, इतकी शांतता. हालवर मागं, आकाराम पुढं, गुडघ्यांवर. हालवरनं पहिल्या दिवशी एकच गोष्ट तीन तीनदा सांगितली होती, होडीत उभं राहायचं नाही, खाली दाबल्याची खूण करून सांगितली होती. आकारामनं मान डोलावली होती, ती मनापासूनच. मग मध्यावर, जिथं दोन्ही काठ सारखेच लांब झाले, तिथं पुढं दहा हातांवर पाणी फुगलं आणि उघडलं. काळी, ओली, चकचकीत पाठ वर आली, तिनं फुस्स करून श्वास टाकला, माणसासारखा, थकलेल्या माणसासारखा, आणि पुन्हा आत गेली. लहानसा देवमासाच होता म्हणे, डॉल्फिनच्या जातीतला, तिकडं रोजचा. पण आकारामला त्या क्षणी ते ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं पाण्यानं श्वास घेतला. सहाशे मीटर खोल ते काळं, मुकं पाणी जिवंत आहे आणि त्यानं आपल्याला बघितलं. अंगावर काटा आला, डोळे भरले, आणि त्यानंतर त्याच्या डोक्यानं काही ठरवलं नाही. खिशातला आईचा रुपया त्यानं काढला, तो टाकला, आणि पाण्याला हात जोडायला तो उठून उभा राहिला.

पुढचं त्याला तुकड्यांनी आठवतं. पाठीमागून हालवरची एक हाक. आकाश आडवं. मग पाण्यानं छातीवर असा ठोसा मारला की श्वास बाहेर जायचा तो आत गेला आणि आतला अडकला. पंचगंगेच्या पुरात उडी टाकणारा गडी, पण हे पाणी बर्फाचं होतं, ते हातपाय आधी काढून घेतं आणि बुडवायचं नंतर बघतं. अंगात फुगीर जाकीट होतं म्हणून तरंगत राहिला, एवढंच. पोहायचं म्हटलं तर हात वर येईना. आपलं वल्हं दूर दूर जाताना दिसत होतं. हालवर पोहत आला, त्यानं त्याला कॉलरला धरून उलटलेल्या कॅनूवर पालथा टाकला, आणि स्वतः पाण्यातच राहून त्याची कॉलर मुठीत धरून ठेवली. होडीवर दोघांना जागा नव्हती. आकाराम डोळे मिटायला लागला की म्हातारा थोबाडीत मारायचा आणि म्हणायचा, काउंट. मोज. एक, दोन, तीन, आकाराम मोजायचा, शंभर झाले की पुन्हा एकपासून. इंग्रजी त्याला आठवत नव्हतं, आठवत होते ते शाळेतले मराठी आकडे. थोड्या वेळानं आकारामचे ओठ हलेनात तर हालवरच मोजायला लागला, निळ्या तोंडानं, मराठीत, ऐकून ऐकून पाठ झालेलं. एक, दून, तीन. किती वेळ, कोण जाणे. कुणी म्हणालं वीस मिनिटं. मासेमारीची मोटारबोट आली तेव्हा म्हाताऱ्याची मूठ कॉलरवरून उघडायला दोन माणसं लागली.

काठावर कारखान्याची माणसं जमली, डॉक्टर आला, आणि सगळ्यांनी विचारलं हे झालं कसं. घोंगडीत गुंडाळलेल्या हालवरनं आकारामकडं बघितलं, स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, माय फॉल्ट. पाहुण्याची लाज राखायची, ही रीत तिकडंही आहे म्हणायची. आणि आकाराम गप्प बसला. खरं तर तो तिथंच बुडाला, पण ते कुणाला दिसलं नाही. कोल्हापूरला आल्यावर चाळीस जणांच्या घोळक्यात त्यानं पहिल्यांदा गोष्ट सांगितली ती हालवरनं सांगितली तशीच, म्हाताऱ्याची चूक म्हणून. कुणीतरी मधेच म्हणालं, मग तुम्हीच काढलं असणार वर, तुम्ही तर पुरातले. आकारामनं नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि शेजारी आठ वर्षांची अनुजा डोळे एवढे मोठे करून बघत होती. त्यानं मान हलवली, तीही अर्धीच. अर्ध्या मानेवर एवढा मोठा सत्कार झाला. हालवरची नाताळची कार्डं यायची, त्यानं एकाचंही उत्तर दिलं नाही. पाण्यात मात्र परत गेला नाही, रंकाळ्यात पोरीनं पायानं चालवायच्या बोटीत बस म्हणून किती हट्ट केला तरी नाही. गेल्या वर्षी जुलैत महापूर आला, गल्लीच्या टोकाला छातीभर पाणी, तेव्हा मंडळाची पोरं दारात आली, चला की आकारामदादा, तुम्हीच पायजे, पलीकडच्या घरात आक्का अडकल्यात. कंबर धरलीय, तो म्हणाला, आणि खाटेवर पडून राहिला. त्याच्याऐवजी अनुजा गेली. संध्याकाळी चिखलानं माखून आली आणि पहिल्यांदा काय केलं, तर बापाच्या कंबरेला तेल चोळायला बसली. पाठीवर तिचे गार हात फिरत होते आणि हा माणूस उशीत तोंड खुपसून पडला होता.

अनुजा कॉलेजातून आली तेव्हा पार्सल तसंच टेकलेलं होतं. तिनं दप्तर टाकलं, काय हाय हे म्हणत कागद फाडलासुद्धा. वल्हं बाहेर आलं. नऊ वर्षांत त्याला वरून नवा तेलाचा हात लागलेला होता, पातीची एक कड खडकावर घासून झिजली होती, आणि दांड्यावर दोन रेघा आणि टिंब. शालू स्वयंपाकघरातून हात पुसत आली. वल्ह्याला बांधलेलं पत्र इंग्रजीत होतं. थांबा, वाचतो की मी, म्हणत अनुजा कॉटवर मांडी घालून बसली आणि एकेक ओळ मराठीत सांगायला लागली. आकारामनं खुर्चीचे हात धरले होते. हालवरच्या मुलीनं लिहिलं होतं, सिग्रिद नावाची. बाबा नोव्हेंबरात गेले. हे वल्हं त्यांना अपघातानंतरच्या उन्हाळ्यात खाडीच्या दुसऱ्या टोकाला सापडलं, आणि त्यांनी दर वसंतात त्याला तेल लावलं, पण ते कुणालाही वापरू दिलं नाही. ते म्हणत, त्या दिवशी चूक माझी होती, मी पाहुण्याला नीट शिकवलं नाही. त्यांना शेवटपर्यंत एकच रुखरुख होती, की त्या माणसाला पाणी इतकं आवडायचं आणि माझ्यामुळं त्याचं पाणी तुटलं असेल. तो परत कधी पाण्यावर गेला का, हे मला कळवाल का? आणि आणखी एक विचारायचं आहे. शेवटच्या आठवड्यात ते शुद्धीत नसताना काहीतरी पुटपुटायचे, ते आम्हाला कुणालाच कळलं नाही, मी ऐकू आलं तसं लिहिलंय. अनुजा थांबली. मग तिनं ते सावकाश वाचलं. एक. दून. तीन. चार. पाच.

‘अगं बाई, हे तर आपलं मोजणं हाय,’ शालू म्हणाली. ‘यांनीच शिकवलं असणार, धीर धराया. बघा, मी म्हणत न्हवतो? म्हाताऱ्याचीच चूक झालती, पण मन केवढं.’

बघा, कशी चोख बसली. खोटी गोष्ट आता पत्रानं, तिकिटानं, मेलेल्या माणसाच्या तोंडानं खरी झाली होती. जो दुसरा साक्षीदार होता त्यानं मरेपर्यंत तिच्यावर सही करून ठेवली होती. आता आकारामनं नुसतं गप्प बसायचं होतं, आणि त्याला ते जमत होतं, नऊ वर्षांचा सराव होता. अनुजा वल्हं बोटावर तोलून बघत होती. ते तिच्या बोटावर तसंच स्थिर राहिलं. त्याला ती खाडी दिसली, ती काळी पाठ, तो श्वास, आणि पाण्यात हनुवटीपर्यंत राहिलेला म्हातारा, ज्यानं त्याची कॉलर तेव्हाही सोडली नव्हती आणि मरतानाही सोडली नाही. शुद्ध गेलेल्या डोक्यात तो अजून आकारामला जागं ठेवत होता. त्या पाण्यापेक्षा मोठं काही आकारामनं बघितलं होतं तर ते हे, आणि त्याच्यासमोर आपण नऊ वर्षं बसून राहिलो. हे त्याला सोसेना. तो खुर्चीतून उठला. हात जोडलेले आहेत हे त्याला नंतर कळलं.

अनुजानं वल्हं पुन्हा भिंतीला टेकवून वहीतला कागद फाडला होता. आत्ताच उत्तर लिहून टाकू म्हणाली, नाहीतर तुम्ही परत विसरणार. पप्पा, सांगा, काय लिहू?

‘लिही,’ आकाराम म्हणाला. आवाज दुसऱ्याच कुणाचा यावा तसा आला. ‘होडीत मी उभा ऱ्हायलतो. त्येनं नको म्हणून सांगितलंतं तरीबी. होडी माझ्यामुळं उलटली.’

शालू कॉटच्या कडेला टेकली. अनुजाचं पेन कागदावर टेकलेलं होतं, हललं नाही. तिनं वर फोटोकडं बघितलं नाही, त्याच्याकडंही बघितलं नाही. मग तिनं एक ओळ लिहिली, आणि ती ओळ लिहायला तिला लागला तेवढा वेळ आकारामला त्या वीस मिनिटांपेक्षा मोठा गेला. का उभे राहिलात, तिनं खालमानेनं विचारलं. त्यानं आज्जाची काहील सांगितली, टपली सांगितली, आज्जीचा रुपया सांगितला, त्या पाण्यानं श्वास घेतला ते सांगितलं. काहीलीला इंग्रजीत काय म्हणतात हे दोघांनाही आलं नाही, तिनं काहीलच लिहिलं. मग तो म्हणाला, ‘आनि लिही, मला त्येनं धरलं. मी न्हाय. त्येनं. मोजत हुता तो माझ्यासाठी, मी झोपू नये म्हणून.’ एवढं बोलून त्याला रडू फुटलं, मोठ्यानं, पोरीसमोर. अनुजाचेही डोळे वाहत होते, ते बापाच्या दुःखानं की बाप हरवल्याच्या, हे तिलाही सांगता आलं नसतं. तिनं थेंब पडून फिसकटलेला शब्द खोडला आणि वर नीट लिहिला. गेल्या जुलैत तुमची कंबर दुखत नव्हती, ती म्हणाली, विचारल्यासारखं नाही, नुसतं म्हणाली. न्हवती, आकाराम म्हणाला. बाहेर धोंडुबाई कुणाला तरी परदेशातून बॅट आल्याचं सांगत होत्या.

मग अनुजानं पत्र पुन्हा उघडलं आणि बोट ठेवून शेवटचा प्रश्न शोधला. तिचा आवाज कोरडा होता, पण ती उठून गेली नव्हती.

‘परत कधी पाण्यावर गेला का, विचारलंय तिनं. काय लिहू?’

आकारामनं भिंतीचं वल्हं उचललं. गुंडी मुठीत बसली, जशी त्यानं तेव्हा बसवली होती तशीच. त्याचे पाय गार पडले होते आणि भीती वाटत होती, खूप वाटत होती.

‘त्येवढी एक ओळ मोकळी सोड,’ तो म्हणाला. ‘सकाळी रंकाळ्यावर जाऊन येऊ दोघं. मग लिही.’